भिंतीवरचं नाव : गुन्हा की इतिहास?

सुट्टीत एखादा किल्ला, लेणी किंवा जुनं मंदिर बघायला गेलात की एक गोष्ट हमखास दिसते. दगडी भिंतीवर कोरलेला बदाम, त्यातून आरपार गेलेला बाण, दोन्ही बाजूंना दोन नावं आणि खाली तारीख. कुणी कर्कटकानं कोरलेलं असतं, कुणी गाडीच्या किल्लीनं, तर कुणी चक्क ऑइलपेंटचा डबा सोबत नेलेला असतो. आपण चरफडतो, मुलांना म्हणतो, "असं कधी करायचं नाही हं!" आणि पुढे निघतो.

पण समजा, त्याच भिंतीवर हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या प्रवाशानं आपलं नाव कोरलेलं असेल तर? मग तिथे गाइड आपल्याला थांबवतो, आपण मोबाइल काढून फोटो घेतो आणि अभ्यासक त्या दोन ओळींवर वर्षानुवर्षं काम करतात. म्हणजे हजार वर्षांपूर्वी कोरलं तर ठेवा आणि काल कोरलं तर गुन्हा. असं का? मुलांनी विचारलं तर तुमच्याकडे उत्तर आहे? चला, शोधूया.

एकच भिंत, दोन न्याय

श्रीलंकेत सिगिरिया नावाचा एक प्रचंड खडक आहे. पाचव्या शतकात कश्यप नावाच्या राजानं त्यावर आपला महाल बांधला. वर चढण्याच्या वाटेवर एक भिंत आहे. तिचा गिलावा इतका गुळगुळीत घोटलेला होता की त्यात माणसाला आपलं प्रतिबिंब दिसे, असं सांगतात. म्हणून तिचं नावच 'आरसा भिंत'. तिच्याच वरच्या कातळावर सुंदर स्त्रियांची रंगीत चित्रं आहेत.

राजा गेला, महाल ओस पडला, पण ती चित्रं बघायला लोक येत राहिले. भिक्खू आले, अधिकारी आले, शिपाई आले, बायकाही आल्या. आणि चित्रं बघून झाल्यावर त्यातल्या अनेकांनी समोरच्या त्या गुळगुळीत भिंतीवर टोकदार वस्तूनं चार ओळी कोरल्या. कुणी चित्रातल्या सुंदरीवर भाळलं, कुणी ती बोलत नाही म्हणून रुसलं, तर एखादीनं या भाळणाऱ्या पुरुषांनाच टोमणा मारला. श्रीलंकेचे पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान यांनी यातल्या ६८५ कविता वाचून १९५६ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्या बहुतेक आठव्या ते दहाव्या शतकातल्या आहेत. सिंहली भाषेतल्या जुन्या कवितेचा हा मोलाचा साठा आहे आणि तो एका भिंतीवरच्या ओरखड्यांतून आला आहे.

आता त्याच भिंतीची दुसरी गोष्ट ऐका. २०१५ मध्ये सहलीला आलेल्या एका तरुणीनं या आरसा भिंतीवर आपलं नाव कोरलं. तिला अटक झाली आणि न्यायालयानं दोन वर्षांची शिक्षा सुनावली. एवढ्याशा चुकीसाठी इतकी कडक शिक्षा कशाला, म्हणून देशभर हळहळ व्यक्त झाली. शेवटी राष्ट्राध्यक्षांनी तिला माफी दिली.

भिंत तीच. कृतीही तीच. एकाच्या ओळी विद्यापीठात अभ्यासाला लागल्या, दुसरीला तुरुंगाची वाट दाखवली गेली. हा अन्याय आहे का? या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी त्या जुन्या लोकांना जरा भेटून येऊ. ते कोण होते आणि त्यांना भिंतीवर लिहावंसं का वाटलं?

ही सवय आजची नाही

इजिप्तमध्ये सक्कारा इथे राजा जोसेरचा पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिड आहे. इसवी सनापूर्वी तेराव्या शतकात, रामसेस दुसरा राज्य करत असताना, हदनख्त नावाचा एक सरकारी लेखनिक आपल्या भावाला घेऊन तिथे फिरायला गेला. तिथल्या भिंतीवर त्यानं शाईनं लिहून ठेवलं की आपण भावासोबत सहलीला आलो होतो. सोबत देवाकडे मागणंही मांडलं की दीर्घायुष्य लाभो आणि शेवट चांगला होवो.

गंमत म्हणजे तो गेला तेव्हाच तो पिरॅमिड जवळपास १४०० वर्षं जुना होता. म्हणजे आपण आज ज्या कौतुकानं वेरूळ बघायला जातो, त्याच कौतुकानं हदनख्त तिथे गेला होता. 'जुनं बघायला जाणं' आणि 'आपण आलो होतो हे सांगावंसं वाटणं' या दोन्ही गोष्टी तीन हजार वर्षांपूर्वीही माणसात होत्या.

कान्हेरीला आलेले पारशी पाहुणे

आता आपल्या घराजवळ येऊ. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची बौद्ध लेणी आहेत. रविवारी तिथे डबे घेऊन सहलीला जाणारी कुटुंबं काही कमी नाहीत. पण तिथल्या ९० क्रमांकाच्या लेण्यात डोकावून बघणारे फार थोडे.

या लेण्यात पहलवी लिपीत, म्हणजे इराणच्या जुन्या लिपीत, काही मजकूर कोरलेला आहे. कोरणारे होते पारशी. त्यांनी यज्दगर्दी सनाप्रमाणे तारीख घातली, आपली आणि आपल्या वडिलांची नावं दिली आणि आपण सगळे मिळून ही जागा बघायला आलो असं नोंदवलं. या तारखा आजच्या हिशोबानं १००९ आणि १०२१ सालच्या निघतात. तेव्हा उत्तर कोकणात शिलाहार राजे होते. ज्ञानेश्वरी लिहिली जायला अजून सुमारे पावणेतीनशे वर्षांचा काळ जायचा होता.

बौद्धांची लेणी, बघायला आलेले पारशी आणि भोवती कोकणचं रान. ना कुणाशी भांडण, ना कुणावर कुरघोडी. एक मंडळी दुसऱ्यांचं सुंदर काम बघायला आली होती, इतकंच.

पण या नोंदींचं महत्त्व त्याहून मोठं आहे. पारशी लोक इराणातून भारतात कसे आले याची प्रसिद्ध कथा 'किस्सा-ए-संजाण' या काव्यात आहे आणि ते लिहिलं गेलं १५९९ मध्ये. कान्हेरीतल्या नोंदी त्याच्या ५९० वर्षं आधीच्या. पोथीत लिहिलेली कथा पिढ्यानपिढ्या ऐकून लिहिलेली असते. भिंतीवरची तारीख मात्र त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या माणसानं घातलेली असते. भिंतीवरच्या काही ओळींचा मजकूर एका समाजाच्या इतिहासाला पक्का खुंटा देऊन गेला.

भावाच्या भेटीची ओढ

आता कोकण सोडून थेट हिमालयापलीकडे जाऊ. सिंधू नदीच्या वरच्या खोऱ्यात, आज पाकिस्तानच्या ताब्यात असलेल्या भागात, शतियाल नावाचं ठिकाण आहे. मध्य आशियातून भारताकडे येणारे व्यापारी इथून जात. यातले पुष्कळसे सोग्दी होते, म्हणजे आजच्या समरकंदच्या आसपासचे. शतियालच्या खडकांवर त्यांनी शेकडो नावं कोरून ठेवली आहेत. बहुतेक ठिकाणी नाव, बापाचं नाव, संपलं.

पण एकजण थोडं जास्त लिहून गेला. त्याचं नाव ननैवंदक. त्यानं कोरलं की आपण या जागी आलो आणि इथल्या दैवताकडे एकच मागितलं : आपल्याला लवकरात लवकर पुढच्या मुक्कामी पोहोचू दे आणि आपला लाडका भाऊ सुखरूप भेटू दे.

या माणसाविषयी आपल्याला आणखी फारसं काही माहीत नाही. त्याचा भाऊ त्याला भेटला की नाही, हेही कळायला मार्ग नाही. पण दीड हजार वर्षांपूर्वीचा एक व्यापारी त्या दगडासमोर उभा राहून नफ्याचा विचार करत नव्हता, भावाचा करत होता, हे आज आपल्याला ठाऊक आहे. कुठल्याही राजाच्या बखरीत हे आलं नसतं.

असाच एक दगड भारतातही आहे. लेहहून पँगाँग तलावाकडे जाताना वाटेत तांगत्से गाव लागतं. हजारो पर्यटक तिथून गाडीनं भुर्रकन निघून जातात. गावाजवळच्या खडकांवर क्रूस आणि सोग्दी भाषेतली अक्षरं कोरलेली आहेत. त्यातला एक मजकूर ८४१-४२ सालचा आहे. समरकंदचा एक माणूस तिबेटच्या राजाकडे निरोप घेऊन निघाला होता, त्याची ही नोंद. पुढच्या वेळी पँगाँगला जाल तेव्हा तांगत्सेला गाडी जरा थांबवाच.

सिंधूच्या खोऱ्यातल्या कोरीव दगडांचं भवितव्य मात्र काळजीचं आहे. तिथे मोठी धरणं बांधली जात आहेत आणि हजारो कोरीव खडक पाण्याखाली जाण्याची भीती आहे. अभ्यासक त्याआधी जमेल तेवढ्या खडकांची छायाचित्रं आणि नोंदी करून ठेवत आहेत.

काळोख्या गुहेत आपले खलाशी

परक्यांनी आपल्याकडे येऊन लिहिलं, तसं आपल्यांनी परदेशी जाऊन लिहिलं का? लिहिलं तर! अरबी समुद्रात, येमेनच्या सोकोत्रा बेटावर हॉक नावाची लांबच लांब गुहा आहे. २००० सालानंतर लगेचच बेल्जियमच्या गुहा-अभ्यासकांना तिच्या आतल्या मिट्ट काळोखात भिंतींवर आणि चुनखडीच्या खांबांवर लिहिलेली दोनशेच्या वर नावं सापडली. कुणी कोळशानं लिहिलं होतं, कुणी चिखलानं, कुणी ओरखडून.

आणि लिपी? बहुतेक ठिकाणी चक्क ब्राह्मी! इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून निघालेले खलाशी आणि व्यापारी तिथे पोहोचले होते. त्यातल्या काहींनी आपण भरुचचे असल्याचं लिहून ठेवलं आहे. कुणी जहाजाची चित्रंही काढली. त्याच गुहेत पामीराच्या, म्हणजे आजच्या सीरियातल्या एका माणसानं ठेवलेली लाकडी पाटी सापडली, ती २५८ सालची आहे.

विचार करा. वारा अनुकूल होईपर्यंत बेटावर अडकून पडलेली माणसं. हातात पलिता घेऊन ती त्या काळोखात शिरली असतील. आपलं गाव समुद्रापलीकडे आहे, परत जाऊ की नाही याचा भरवसा नाही. अशा वेळी निदान नाव तरी राहावं, असं त्यांना वाटलं असेल का? भारतातून आफ्रिका-अरबस्तानाकडे जाणाऱ्या जहाजांबद्दल ग्रीक आणि रोमन लेखकांनी भरपूर लिहिलंय. पण त्या जहाजांवरच्या आपल्या माणसांची नावं मिळाली ती या गुहेत.

आईवडिलांसाठी समुद्रापार

कंबोडियातलं अंकोरवाट तुम्हाला फोटोतून तरी नक्कीच माहीत असेल. तिथल्या एका खांबावर १६३२ साली एका जपानी यात्रेकरूनं शाईनं मजकूर लिहिला. नाव मोरिमोतो उकोन्दायु. समुद्र ओलांडून तो तिथे आला, बुद्धाच्या चार मूर्ती अर्पण केल्या. वडिलांच्या स्मरणासाठी आणि आईच्या भल्यासाठी आपण हे केलं, असं त्यानं नमूद केलं.

इथे एक हळवी गंमत आहे. त्या काळचे जपानी यात्रेकरू अंकोरवाटला जेतवन समजत. जेतवन म्हणजे बुद्धांनी जिथे अनेक पावसाळे घालवले तो विहार. तो आपल्या उत्तर प्रदेशात श्रावस्तीला आहे. म्हणजे मोरिमोतो कंबोडियात उभा होता, पण मनानं बहुधा भारतात पोहोचला होता. पुढे तीनच वर्षांत, १६३५ मध्ये, जपाननं आपल्या लोकांना परदेशी जायला बंदी केली. असा प्रवास मग पिढ्यानपिढ्या कुणालाच करता आला नाही. खांबावरची शाई आता बरीच पुसट झाली आहे.

आपल्याकडच्या यात्रेकरूंनीही अशी नावं ठेवली. कर्नाटकातलं श्रवणबेळगोळ मराठी माणसाला ठाऊक असतं ते गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या मराठी ओळीमुळे. पण ती ओळ मूर्ती करवून घेणाऱ्याची आहे. त्याच गावाच्या टेकड्यांवर साध्या यात्रेकरूंच्या दीडशेच्या वर नोंदी आहेत. काही दक्षिणेतल्या लोकांच्या, काही दूर उत्तरेकडून आलेल्यांच्या. कित्येकांत नुसतं नाव आहे. पायी चालत, महिनोन्‌महिने प्रवास करून पोहोचलेल्या माणसाला दगडावर नाव लिहून काय मिळत असेल? कदाचित एवढंच : आपण पोहोचलो, देवानं बघितलं.

अजिंठ्याचा जॉन स्मिथ

इथवर सगळं गोड वाटलं ना? आता थोडं कडू.

२८ एप्रिल १८१९. मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ नावाचा ब्रिटिश अधिकारी शिकारीच्या निमित्तानं अजिंठ्याच्या दरीत आला. लेणी आसपासच्या लोकांना माहीत होतीच, पण बाहेरच्या जगाला ती कळली ती इथून पुढे. हा जॉन स्मिथ १० क्रमांकाच्या लेण्यात शिरला आणि एका खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरून बाहेर पडला.

ते नाव आज आपल्या डोक्याच्याही वर दिसतं. कारण तेव्हा लेण्यात माती-दगडांचा ढीग साचला होता आणि तो त्या ढिगावर उभा होता. पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्यानं मोकळ्या दगडावर नाव कोरलं नाही. तिथे बोधिसत्त्वाचं चित्र होतं. त्या चित्रावरच त्यानं नाव कोरलं.

अजिंठ्याची चित्रं नुसत्या दगडावर काढलेली नाहीत. आधी माती, भाताचं तूस, गवताचे धागे यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि मग रंग. टोकदार वस्तूची एक रेघ ओढली की हे सगळं खरवडून निघतं. शेकडो वर्षं अंधारात जपलं गेलेलं चित्र काही मिनिटांत कायमचं बिघडलं.

आणि याच लेण्याच्या दर्शनी भागावर दुसरं एक नाव आहे, त्याहून दोन हजार वर्षं जुनं. वासिठीपुत्र कटहादि नावाच्या माणसानं लेण्याचा दर्शनी भाग दान दिला, असं तिथे ब्राह्मीत कोरलंय. एकानं काहीतरी देऊन नाव कोरलं, दुसऱ्यानं काहीतरी मोडून. दोन्ही नावं आज इतिहासात आहेत. स्मिथचंही नाव आता कुणी पुसणार नाही, कारण तीही एक नोंद झाली आहे. पण ते चित्र पहिल्यासारखं होणार नाही.

मग आपण का लिहायचं नाही?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. जुन्यांचं ते कौतुक आणि आपली तेवढी चूक, असं का?

पहिलं म्हणजे, जुन्या सगळ्यांनी बरोबरच केलं असं नाही. सिगिरियाच्या भिंतीचा आरसा त्या ओळींनी थोडा तरी मलूल झालाच असेल. त्यांना आपण माफ करतो, कारण त्यांच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. कागद दुर्मीळ, लिहिता येणारे मोजके. भरुचच्या खलाशाकडे ना मोबाइल होता, ना आधार कार्ड. त्यानं भिंतीवर लिहिलं नसतं तर तो होता हेच कुणाला कळलं नसतं. आपल्या बाबतीत तसं नाही. आपलं नाव शाळेच्या दाखल्यापासून वीजबिलापर्यंत शंभर ठिकाणी आहे.

दुसरं, संख्या. तेव्हा महिन्यातून एखादा तांडा यायचा. आज दिवाळीच्या सुट्टीत एका दिवसात एखाद्या किल्ल्यावर किती गर्दी होते ते तुम्ही बघितलंय. त्यातल्या प्रत्येकानं फक्त चार अक्षरं लिहायची म्हटली तर दोन-चार हंगामांत भिंतीवर बोट ठेवायला जागा उरणार नाही. आणि नव्या अक्षरांखाली सगळ्यात आधी गाडली जातात ती जुनी अक्षरं. म्हणजे एखाद्या ननैवंदकाच्या भावावर आपण आपला बदाम काढून मोकळे होतो.

तिसरं, आपल्याला कळतं. २०२३ मध्ये रोमच्या कलोसियमवर नाव कोरताना पकडलेल्या एका पर्यटकानं नंतर माफी मागताना सांगितलं की ही वास्तू इतकी जुनी आहे हे आपल्याला माहीत नव्हतं. हे ऐकून जगभर लोक हसले. आपल्याकडे तर दारातच पाटी असते.

आणि पाटीखाली कायदाही असतो. १९५८ च्या प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळांच्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाचं नुकसान किंवा विद्रूपीकरण केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. राज्यांचे कायदे आणखी वेगळे आहेत.

शिवाय ओरखडा पुसता येत नाही. ओरखडा म्हणजे तेवढा दगड गेलेला असतो. तो घालवायचा तर आजूबाजूचा दगडही घासून काढावा लागेल, म्हणजे नुकसान दुप्पट.

जुनी अक्षरं वाचतात कशी?

अशी झिजलेली अक्षरं समोरून बघितली तर दिसत नाहीत. अभ्यासक एका बाजूनं, भिंतीला जवळजवळ चिकटून तिरका उजेड पाडतात. मग खोलगट रेघांत सावली पडते आणि अक्षर उमटतं. आपल्याकडे पुराभिलेख-तज्ज्ञ अजूनही ठशाची जुनी पद्धत वापरतात. दगड स्वच्छ करून त्यावर ओला कागद ठेवायचा, ब्रशनं हलकेच ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा आणि वरून शाईचा बोळा फिरवायचा. वरचा भाग काळा होतो, अक्षरं पांढरी राहतात. हल्ली शेकडो फोटो जोडून संगणकावर भिंतीची त्रिमिती प्रतिमाही तयार करतात. तारीख लिहिलेली नसेल तर अक्षरांच्या वळणावरून काळ ठरवला जातो, कारण प्रत्येक शतकात 'क', 'म', 'र' यांची वळणं थोडी थोडी बदलत गेली आहेत.

हे सगळं वाचून उत्साह आला तरी एक लक्षात ठेवा : ठसा घेणं हे तज्ज्ञांचं काम आहे, घरी करून बघायचा प्रयोग नाही.

कुटुंबासोबत जाताना

पुढची सहल ठरवाल तेव्हा एवढं करून बघा.

* मुलांसोबत 'जुनं अक्षर शोधा' हा खेळ खेळा. ज्याला सगळ्यात जुनं दिसणारं अक्षर सापडेल तो जिंकला. हात न लावता, फक्त डोळ्यांनी.

* साध्या दगडावर अक्षर पुसट वाटलं तर मोबाइलचा टॉर्च एका बाजूनं धरून बघा. जिथे रंगीत चित्रं आहेत तिथे मात्र टॉर्च आणि फ्लॅश दोन्ही बंद ठेवा.

* अक्षर नीट दिसावं म्हणून त्यात खडू, पीठ, तेल किंवा रंग भरू नका, पाणीही ओतू नका. गावोगावी शिलालेखांना आणि वीरगळांना भक्तिभावानं ऑइलपेंट फासला जातो. त्यानं अक्षरं बुजतात आणि रंग काढताना दगडाचे पापुद्रे निघतात.

* पूर्वी कुठे नोंद नसावी असं लिखाण दिसलं तर फोटो काढा, जागा लिहून घ्या आणि पुरातत्त्व खात्याच्या जवळच्या कार्यालयाला किंवा संग्रहालयाला कळवा.

* कुणी कोरताना दिसलं तर भांडू नका. शांतपणे तिथल्या रखवालदाराला सांगा. मुलगा असेल तर त्याला जॉन स्मिथची गोष्ट सांगा.

नाव लिहायचंच असेल तर...

आपण होतो हे कुणाला तरी कळावं, ही इच्छा चुकीची नाही. ती हदनख्तला होती, मोरिमोतोला होती, आपल्यालाही असते. फक्त ती कुठे लिहायची हे ठरवायला हवं.

आपल्याकडे त्याची एक छान सोय शेकडो वर्षांपासून आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया, प्रयाग, हरिद्वार अशा ठिकाणी क्षेत्रोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या वह्या असतात. तिथे जाऊन गाव आणि आडनाव सांगितलं की उपाध्याय वही उघडतात आणि त्यात तुमचे पणजोबा कधी आले, कुणासोबत आले, कशासाठी आले हे सापडू शकतं. इंदूर, बडोदे, हैदराबाद, तंजावर अशा ठिकाणी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना आपलं मूळ गाव अशा वह्यांतून कळू शकतं. पुढच्या वेळी गेलात तर जुनी नोंद बघाच, पण आपली आणि मुलांची नवी नोंदही करून या. लेकींची, सुनांचीही नावं घाला.

आणि घरी? घरीही एक वही ठेवा. नीट बघा, जुन्या भिंतींवरची कोणती नावं आपल्याला आवडली? ज्यांनी नावापुढे काहीतरी सांगितलं ती. मी कुठून आलो, कुणासोबत आलो, कुणाची आठवण आली, काय मागितलं. भावाचा उल्लेख नसता तर ननैवंदक हे फक्त एक अवघड नाव राहिलं असतं. आपल्या मोबाइलमध्ये सहलींचे हजारो फोटो असतात, पण त्यात कोण कोण आहे हे आणखी पन्नास वर्षांनी आपल्या नातवंडांना कोण सांगणार? प्रत्येक प्रवासानंतर वहीत पाच-सहा ओळी लिहा. तारीख घाला, सगळ्यांची पूर्ण नावं घाला, आजीनं पायऱ्या चढताना काय म्हटलं तेही घाला. शेवटी घरातल्या लहानग्याला सही करू द्या, वाकड्यातिकड्या अक्षरात का होईना.

भिंत तशीच राहील, आणि तुमचं नावही.